मसणात काय बोलले

बाबा, तुमची जागा अखेर भरली. तशी ती जागा कधी नव्हतीच, पण आता आहे. नगर परिषदेनं ती काढली आणि नगर परिषदेनंच भरली. आदेश मी टाईप करून घेतला, जावक क्रमांक मी टाकला, आणि साहेबांच्या सहीसाठी आतही मीच नेला. 'मानद श्रद्धांजली निवेदक' असं त्या पदाचं नाव आहे. मानद म्हणजे मानधन नाही, नुसता मान. गळ्यात घालायला ओळखपत्र, खांद्यावर टाकायला नगर परिषदेचं चिन्ह छापलेलं उपरणं, आणि पंधरा ऑगस्टला पहिल्या रांगेत खुर्ची. तुम्ही असतात तर हसला असतात की चिडला असतात, हे मला इतक्या वर्षांनी नक्की सांगता येत नाही. मी दोन्ही केलं नाही. मी थकले आहे. निवृत्तीला थोडेच महिने उरलेत आणि आजकाल चिडायचं म्हटलं तरी आधी बसायला खुर्ची शोधावी लागते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी क्रमानं लिहिते. क्रम सोडू नकोस ही तुमचीच शिकवण. आपल्याकडे माणूस गेला की मसणात चितेला अग्नी दिल्यावर लोक लगेच उठत नाहीत. सगळे खाली बसतात, आणि कोणीतरी उभा राहून गेलेल्यावर दोन शब्द बोलतो. मग सगळे उभे राहून शांत होतात आणि घराकडे निघतात. बाया तिथं नसतात. त्या घरी असतात, अंगण धूत, एकमेकींच्या डोक्यावर पाणी घालत, आणि तिथं काय चाललं असेल याचा अंदाज बांधत. तुम्ही नगर परिषदेच्या शाळेत मास्तर होतात, आणि शाळा सुटल्यावर, कधी रजा टाकूनसुद्धा, वर्षानुवर्षं गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसावर तुम्ही बोललात. अडत्यावर बोललात, हमालावर बोललात, पानठेलेवाल्यावर बोललात, आणि ज्याच्याशी जन्मभर तुमचं पटलं नाही त्या हेडमास्तरांवरही बोललात. तुम्हाला कोणी नेमलं होतं, असं मी एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नेमते कोण वं! शाळेचा शिपाई मेला तवा कोणीच उठत नव्हतं, म्हणून म्या उठलो. मंग पुढल्या टायमाले लोकं माह्याकडेच पाह्यत राह्यले." झाली तुमची नेमणूक. त्याला ना जाहिरात निघाली, ना मुलाखत झाली.

पण मसणात जायच्या आधी तुम्ही जे करायचात ते गावात दुसऱ्या कोणी केलं नाही. तुम्ही आधी त्या घरी जायचात, आणि तेही पुढच्या ओसरीवर माणसांत न बसता, मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात. बायांच्या घोळक्यात एकटा माणूस कसा जाणार, म्हणून मला सोबत न्यायचात. मी लहान होते, परकर-पोलक्यातली, आणि मला वाटायचं की बाबा मला फिरायला नेतात. त्या घरातली चूल विझलेली असायची. शेजारीण कोणीतरी केटलीतून चहा आणायची. तुमच्या हातात कप यायचा आणि तुम्ही विचारायचात, "सांग माय, काय सांगू तथी त्याइच्याबद्दल?" बाया आधी गप्पच राहायच्या. मग एखादी बोलायला लागायची, आणि ती बोलायला लागली की तुम्ही हातातला कप खाली ठेवायचात. घोट घ्यायचा राहिलेला असला तरी ठेवायचात. चहावर साय धरायची. मला त्या चहाची काळजी वाटायची, कारण मला कोणी दिलेला नसायचा.

धान्याच्या बाजारातल्या त्या हमालाचं घर मला अजून दिसतं. त्याची बायको कितीतरी वेळ काहीच बोलत नाही. इतर बाया सांगून राहिल्यात की माणूस लय चांगला होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तुम्ही मान डोलावताय, पण कप हातातच आहे. मग ती एकदम म्हणते, "बाजारातून येताना मले कधी पिशवी धरू देल्ली नाही. दिवसभर पोती वाह्यची अन् संध्याकाळी माही पिशवी बी त्याइच्याच हातात." तुम्ही कप खाली ठेवता. त्या दिवशी मसणात तुम्ही एवढंच बोललात म्हणे. पोती वाहणाऱ्या माणसाच्या हातात बायकोची पिशवी. मोठमोठे हमाल उपरण्यात तोंड घालून रडले. हे मला कसं माहीत, तर तुम्हीच सांगितलं. मसणातून परत आल्यावर तुम्ही घरात न शिरता मागच्या अंगणातून न्हाणीत जायचात. मी आधीच बादली भरून ठेवलेली असायची आणि दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असायची. आतून पाण्याचा आवाज यायचा आणि त्या आवाजातून तुमचं भाषण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसंच्या तसं. शेवटी तुम्ही विचारायचात, "बराबर झालं का?" मी काही म्हणायला लागले की पाण्याचा आवाज थांबायचा. तांब्या खाली ठेवलेला मला बाहेर ऐकू यायचा. मग मी माझं मत द्यायची, आणि तुम्ही ओल्या अंगानं, कुडकुडत, ते ऐकून घ्यायचात. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलं की तुम्ही पुन्हा त्या घरी जायचात आणि बायांना सांगायचात की तिथं काय बोललो. मसणातलं बोलणं घरी परत आणून पोचवायचं, हा तुमचा नेम होता.

एकदाच तुम्ही मला त्या न्हाणीच्या दारातून रागावलात. मी सातवीत असेन. तुमचं भाषण मला फारच साधं वाटलं आणि मी म्हटलं, "बाबा, शेवटी म्हणायचं ना, त्यांच्या जाण्यानं कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे." पेपरात वाचलेलं होतं. आत तांब्या आपटला. "पोकळी कायची? इहीर खंदून राह्यली का तू? माणूस मेला, माणसाबद्दल बोल!" मी टॉवेल दारावर टाकून निघून आले. दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. पण तेव्हापासून कोणी भाषणात पोकळी म्हटलं की माझ्या कानात तो तांब्या आपटतो. नोकरीत तर आठवड्यातून एकदा तरी आपटतो.

तुमचा मोठेपणा सांगायला मी बसलेली नाही. तुमच्या या नेमाचा मला त्रासही झाला आणि तो मी लपवणार नाही. मेहकरचे पाहुणे मला पाहायला आले होते त्या दुपारी तुम्ही घरी नव्हतात. सकाळी पानठेलेवाला गेला आणि तुम्ही 'आलोच' म्हणून निघालात. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, परत चहा घेतला. आई दाराकडे बघत राहिली. मी पाटावर मान खाली घालून बसले होते आणि मुलाचे काका घड्याळ बघत होते. तुम्ही आलात ते मागच्या अंगणातून, आणि ओले केस पुसत पुढं येऊन म्हणालात, "माफ करा, मसणात होतो." चांगल्या कामाला आलेल्या पाहुण्यांना कोणी असं सांगतं का? ते उठलेच. आई रडली. मी रडले नाही, पण पुढं कितीतरी दिवस तुमच्या अंघोळीची बादली भरली नाही. पुढं जिथं झालं तिथं माझं बरंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मेलेल्यांना तुमचा वेळ आणि जित्यांना फक्त तुमचे ओले केस, असं वाटून मला राग यायचा. थोडा अजूनही आहे.

लग्नात तुम्ही मला एक गोधडी दिलीत. तेरवीला लोक तुम्हाला मानाचा दुपट्टा द्यायचे, नको म्हटलं तरी खांद्यावर टाकायचे, आणि आईनं ते सगळे जोडून त्याची गोधडी शिवली होती. सासरी मी ती कशाची आहे हे कोणाला सांगितलं नाही, नाहीतर अंगणात फेकली असती. आता मी पुन्हा आपल्याच घरात राहायला आले आहे आणि थंडीत तीच घेते. जड आहे, पण ऊब चांगली आहे.

आणि मग तुम्ही गेलात. त्याला वीसेक वर्षं होतील. आपल्या घरी माणसं मावत नव्हती. पण मागच्या दारानं स्वयंपाकघरात कोणी आलं नाही. आई चुलीपाशी बसली होती, मी तिच्या शेजारी, आणि आम्ही दोघी नकळत त्या दाराकडे बघत होतो. कोणी तरी येईल आणि विचारेल, काय सांगू तिथं. तुम्हाला उचललं, नेलं, माणसं परत आली. दादा नांदुऱ्याहून आलेला, त्यानंच अग्नी दिला. तो अंघोळ करून आत आला तेव्हा आईनं विचारलं, "मसणात काय बोलले रे?" दादा म्हणाला, "चांगलं बोलले. लोकं लय होते." आई म्हणाली, "पण काय बोलले?" दादा म्हणाला, "आता इतकं कुठी आठवते आई, चांगलं बोलले." त्याचा काय दोष, तो बापाला जाळून आला होता. आईनं नंतर तिघाचौघांना विचारलं. सगळे म्हणाले, चांगलं बोलले. आई ते न कळताच गेली. मलाही कळलेलं नाही. जन्मभर तुम्ही सगळ्यांचं घरोघर पोचवलंत, आणि तुमच्यावरचं तेवढं आमच्यापर्यंत पोचलं नाही. याचं मला वाईट वाटतं, बाबा. आज, आत्ता, हे लिहितानाही वाटतंय.

आता आजचं सांगते. गावात निवडणूक बरेच दिवस झालेली नव्हती, नगरसेवक कोणी नव्हते, सगळा कारभार मुख्याधिकारी साहेबांच्या हातात. साहेब पुण्याकडचे, वयानं तरुण, वागायला चांगले. आपली बोली ऐकून आधी त्यांना हसू यायचं, आता येत नाही. त्यांना एक कल्पना सुचली की नगर परिषदेनं मानद सांस्कृतिक पदं नेमावीत. जुन्या देवळाची माहिती सांगायला एक वारसा मित्र, वाचनालयासाठी ग्रंथ मित्र, आणि गाणी म्हणून स्वच्छतेचा प्रचार करायला एक सांस्कृतिक दूत. लोकसहभाग म्हणतात याला. खर्च शून्य आणि फोटो भरपूर, त्यामुळे वरूनही कोणी हरकत घेणार नव्हतं. त्यातच मसणात भांडण झालं. एका व्यापाऱ्याच्या अंत्यविधीला दोन पक्षांचे दोन पुढारी एकाच वेळी माईक धरायला गेले, ओढाताण झाली, माईक चितेजवळ पडला. तुमच्या नंतर हे असंच होत गेलं. ज्याला निवडणूक लढवायची तो बोलतो, आणि गेलेल्यापेक्षा स्वतःबद्दल जास्त बोलतो. शेवटी गेलेल्याच्या मुलालाच उठून म्हणावं लागतं की आटपा, आग विझायला आली. तर साहेब म्हणाले, मॅडम, आणखी एक मानद पद काढू, तटस्थ निवेदक. स्मशानभूमी आपली, माईक आपला, बोलणाराही आपला.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या अंगात जीव आला. मला वाटलं, तुमचा नेम आता कागदावर येईल. मी घरी जाऊन एक अट लिहून आणली आणि मसुद्यात घातली. निवेदकानं अंत्यविधीपूर्वी मृताच्या घरी जाऊन घरातील स्त्रियांशी बोलावं, आणि परत येऊन जे बोलले ते त्यांना सांगावं. एवढीच. बाकीच्या अटी साहेबांच्या होत्या, पोशाख स्वच्छ असावा वगैरे. माझी एक अट राहावी, नोकरीतलं माझं एवढं एक काम तरी मागं राहावं, असं मला फार वाटत होतं.

मुलाखतींना सात जण आले. समितीत साहेब, मी, आणि कॉलेजातले एक प्राध्यापक, ज्यांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. साहेबांनी प्रत्येकाला सांगितलं, नमुन्यादाखल थोडं बोलून दाखवा. लग्नात आणि वाढदिवसाला माईक चालवणारा एक मंडपवाला आला होता, आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. त्यानं विचारलं, "कोणावर बोलू सायेब?" साहेब मोबाईल बघत होते, म्हणाले, "कोणावरही." तो डोळे मिटून सुरू झाला. "अत्यंत दुःखद अंतःकरणानं सांगावं लागते, की आपल्या शहराचे लाडके मुख्याधिकारी आज आपल्यात राह्यले नाहीत!" साहेबांचा चहा शर्टावर सांडला. मंडपवाल्याला काही कळेना, कारण त्याच्या मते त्यानं साहेबांना मोठाच मान दिला होता. बाहेर रांगेत घरपट्टी भरायला आलेल्यांनी आवाज ऐकला. चहाच्या वेळेपर्यंत बाजारात बातमी फिरली होती. जळगाव जामोदला साहेबांनी आधी काम केलं होतं, तिथल्या ऑफिसातून मला फोन आला की मॅडम, खरं आहे का? मी म्हटलं, समोर बसलेत, शर्ट पुसून राह्यले. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि न्हाणीचं दार आठवलं.

शेवटी एक माजी नगरसेवक आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांची निवड आधीच झालेली होती, ते येण्याआधी साहेबांना वरून फोन आला होता, आणि हे मला साहेबांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. खुर्चीत बसता बसता ते मला म्हणाले, "मॅडम, तुमी ओळखलं नाही मले. गुरुजी गेले तवा मसणात मीच बोल्लो होतो." माझ्या हातातलं पेन कागदावरच राहिलं. वीस वर्षं जे कोणी सांगितलं नाही ते सांगणारा माणूस माझ्यासमोर टेबलाला कोपर टेकून बसला होता. साहेब होते, प्राध्यापक होते, मला काही फरक पडला नाही. मी विचारलं, "काय बोलला होतात?" ते वर छताकडे बघू लागले. पंखा फिरत होता. मी वाट पाहिली. ते म्हणाले, "आता आठवत नाही ना मॅडम. पण चांगलं बोल्लो होतो. लोकं म्हणे, वा!" मग ते मनापासून हसले. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी मान्य करते. मी त्यांच्या नावापुढं बरोबरची खूण केली, कारण करायचीच होती.

ते गेल्यावर साहेबांनी मसुदा पुढं ओढला आणि माझ्या अटीवर बोट ठेवलं. "मॅडम, ही अट आदेशात कशी घालणार? मानद माणसावर सक्ती करता येत नाही. उद्या तो म्हणेल, घरोघर फिरवता तर पगार द्या. आणि स्त्रियांशी बोलावं म्हणजे काय, कोणी तक्रार केली तर?" प्रत्येक शब्द बरोबर होता. मी म्हटलं, "साहेब, त्या अटीशिवाय या पदाला अर्थ नाही." ते खरोखरच आपुलकीनं म्हणाले, "मग तुम्हीच का घेत नाही? निवृत्त होताय. गुरुजींची मुलगी म्हणून गाव मानेल. वर मी बोलतो." एक क्षण मला वाटलं, हो म्हणावं. आता एखाद्या घरच्या बाया जातात मसणात, मुली अग्नीही देतात, कोणी फार बोलत नाही. पण मी मसणात गेले तर घरी त्या बायांजवळ कोण बसणार, असं मनात आलं. मी म्हटलं, नको साहेब. त्यांनी अटीवर रेघ ओढली. मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं का? तुम्ही भांडला असतात. मी मसुदा घेऊन बाहेर आले आणि ऑपरेटरला म्हटलं, हा पॅरा काढून टाक.

गेल्या आठवड्यात आपल्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी लावणारा तो माणूस गेला. तुमच्या वेळी त्याचा बाप टोपली घेऊन बसायचा, भाजी अजून गावाबाहेरच्या त्याच मळ्यातली. मी ऑफिसातून निघाले होते. मसणाच्या फाटकाबाहेर रस्त्यावर लिंबाखाली थांबले. नगर परिषदेनं नवा भोंगा बसवलाय, बाहेरपर्यंत स्वच्छ ऐकू येतं. निवेदकांनी आधी योजनेबद्दल सांगितलं, मग साहेबांचे आभार मानले. गेलेल्याला ते 'प्रगतिशील शेतकरी' म्हणाले. मग पोकळी निर्माण झाली, आणि ती आणखी दोनदा निर्माण झाली. शांतता झाली आणि लोक उठले. कोणाला काही खटकलं नाही. मी गाडी काढली आणि घरी यायला निघाले, पण मला घरी येववेना.

मी त्यांच्या घरी गेले, मागच्या दारानं. चूल विझलेली होती. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, केस ओले, शेजारणी भोवती. तिनं मला ओळखलं. रोज त्यांच्या गाडीवरूनच तर मेथी घेते. ती म्हणाली, "या मॅडम." मी खाली बसले. कोणी तरी माझ्या हातात चहा दिला. मग तिनं विचारलं, "तुमी ऑफिसातल्या, तुमाले माहीत असंन. मसणात काय बोलले वं त्याइच्याबद्दल?"

बाबा, मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "बोलले की, कोणी बोलायला लागलं की हा माणूस हातातलं काम खाली ठेवून ऐकायचा."

तिनं पदर तोंडात घेतला, मग म्हणाली, "हाव माय. गिऱ्हाईक बोलाले लागलं की तागडी खाली ठेवत जाय. म्या किती बोलू त्याइले, भाजी सुकून राह्यली, तुमी ऐकत काय बसता. कोणं पाह्यलं असंन वं हे? कोणं सांगतलं असंन?" शेजारीण म्हणाली, "लोकं पाह्यतात ना माय." ती पुन्हा म्हणाली, "येवढं बोलले?" मी म्हटलं, "हो. एवढंच बोलले." ती रडायला लागली आणि बाकीच्या बाया तिला जवळ घेऊन बसल्या. मी निघाले तेव्हा माझ्या चहावर साय धरली होती.

परत येताना एक शंका आली, ती लिहून ठेवते. न्हाणीच्या आतून तुम्ही मला जे सांगायचात, ते सगळं तुम्ही मसणात खरंच बोललेलं असायचं का? की काही वेळा तिथं सुचायचं नाही, आणि घरी येईपर्यंत सुचलेलं मला सांगायचात? विचारायला आता कोणी नाही, आणि उत्तर काहीही असलं तरी मी टॉवेल घेऊन उभी राहिलेच असते. निवेदकांना मी काही बोलणार नाही. त्यांनी मसणात बोलावं. मी बाहेर ऐकीन आणि मागच्या दारानं जाईन, जमेल तोवर. यासाठी मला कोणी नेमलेलं नाही आणि मी अर्जही करणार नाही.

हे पत्र कपाटात गोधडीच्या घडीत ठेवून देते. पोस्टात टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि दादाला दाखवलं तर तो म्हणेल, तू थकलीस, नांदुऱ्याला ये चार दिवस. जाईनही कदाचित. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, म्हणून तर लिहायला बसले. भाजीवाल्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. रोज मेथी घेत होते, पण त्याच्याकडे नीट कधी बघितलं नव्हतं. ते वाक्य तुमचं होतं, बाबा. आई दादाला विचारत होती त्या दिवसापासून मी ते जपून ठेवलं होतं. कधी तरी तुमच्याबद्दल बोलायची वेळ आली तर म्हणेन, म्हणून. एवढं एकच होतं माझ्याजवळ. त्या बाईनं विचारलं आणि मी ते तिला देऊन टाकलं.